तोंड कधी येणार, कुणाला येणार

रेडिएशनला आपल्याकडे गावोगाव ‘शेक’ म्हणतात, कुणी ‘लाइट’ म्हणतं. गालाच्या, जिभेच्या किंवा घशाच्या कॅन्सरसाठी शेक सुरू झालेला माणूस पहिल्या आठवड्यात भाकरी-कालवण खाऊन दवाखान्यात येतो आणि सोबतच्यांना सांगतो, मला तर काहीच होत नाही. तिसऱ्या आठवड्यात वरणाचं पाणी गिळताना त्याच माणसाच्या डोळ्यांत पाणी येतं. गालाच्या आतून, जिभेच्या कडेला, टाळ्यावर पांढरट-पिवळट साय धरलेली असते आणि तिच्याखाली लालभडक जखम. डॉक्टरांना हे येणार हे ठाऊक असतं, कोणत्या आठवड्यात येणार हेही साधारण ठाऊक असतं. पण शेजारच्या खाटेवरचा माणूस तेवढेच शेक घेऊन अजून मऊ भात खातोय, आणि हा नळीवर गेला, असं का? आणि ते आधी सांगता आलं असतं का?

या प्रश्नाला शंभर वर्षांचा इतिहास आहे. त्यातला बराचसा पॅरिस, बॉस्टन, लंडन इथे घडला. पण नीरा आणि भीमा यांच्या काठावरच्या बारामती-इंदापूर तालुक्यांतून पाहिलं, की त्या इतिहासातली कोणती गोष्ट मोठी आणि कोणती नुसती चकचकीत हे जास्त स्पष्ट दिसतं.

१८९५ मध्ये रंटगेनला क्ष-किरण सापडले आणि त्यानंतर लगेचच ते गाठींवर सोडले जाऊ लागले. पहिली पंचवीस वर्षं सगळा अंदाजपंचे कारभार होता. जर्मन डॉक्टरांचा कल एकाच बैठकीत मोठा मारा करून गाठ संपवण्याकडे होता. गाठ कधी वितळायची, पण सोबत कातडीही जळायची. पॅरिसच्या रेडियम इन्स्टिट्यूटमध्ये क्लॉडियस रगो यांनी मेंढ्यांच्या वृषणांवर प्रयोग केले. एका दमात किरण दिले तर वरची कातडी जळल्याशिवाय मेंढा वांझ होत नव्हता. तेच किरण थोडे थोडे करून अनेक दिवसांत दिले तर मेंढा वांझ व्हायचा आणि कातडी शाबूत राहायची. त्यांचेच सहकारी आंरी कुटार यांनी हा धडा माणसाच्या घशाला लावला. १९२२ मध्ये पॅरिसच्या परिषदेत त्यांनी स्वरयंत्राच्या वाढलेल्या कॅन्सरचे, शस्त्रक्रियेविना रोग आवरलेले रुग्ण मांडले. पुढच्या दहा-बारा वर्षांत रोज थोडा शेक, आठवडेच्या आठवडे, ही पद्धत जगभर गेली. आजही तीच चालते.

कुटार हे नुसते किरण देणारे डॉक्टर नव्हते. ते रोज रुग्णाच्या तोंडात डोकावत आणि काय दिसलं ते टिपून ठेवत. त्यांच्या लक्षात आलं की घशाचं अस्तर साधारण दोन आठवड्यांनी पांढरं पडून सोलवटतं, बाहेरची कातडी त्यानंतर बऱ्याच दिवसांनी, आणि हे वेळापत्रक माणसामाणसात फारसं हलत नाही. तोंड येण्याचं हे पहिलं शास्त्रशुद्ध भाकीत. कारण पुढे कळलं. तोंडाच्या आतलं अस्तर एक-दोन आठवड्यांत नवं होत असतं. तळच्या थरात पेशी जन्मतात, वर सरकतात, झडून जातात. किरण तळच्या पेशींना मारतात. वरच्या जुन्या पेशी झडेपर्यंत सगळं ठीक दिसतं आणि मग खालून भरती येत नाही, म्हणून जखम उघडी पडते. पहिल्या आठवड्यातला तो ‘मला काहीच होत नाही’ इथून येतो.

कुटारना ‘कधी’ याचं उत्तर सापडलं. ‘कुणाला किती’ याचं नाही.

ही विद्या मुंबईत यायला एका घरातलं दुःख कारण झालं. मेहरबाई टाटा १९३१ मध्ये रक्ताच्या कॅन्सरने गेल्या. परदेशात मिळणारे रेडियमचे उपचार हिंदुस्थानातही मिळावेत ही त्यांचे पती सर दोराबजींची इच्छा होती, पण पुढच्याच वर्षी तेही गेले. त्यांच्या ट्रस्टने परळला उभारलेलं टाटा मेमोरियल हॉस्पिटल २८ फेब्रुवारी १९४१ रोजी उघडलं. दारात जे रुग्ण आले ते पाहून तिथले पॅथॉलॉजिस्ट डॉ. वसंत रामजी खानोलकर यांनी १९४४ मध्ये अमेरिकेतल्या ‘कॅन्सर रिसर्च’ नियतकालिकात एक लेख लिहिला. त्याचा विषय मुंबईतल्या तोंडाच्या कॅन्सरचे लागोपाठचे १००० रुग्ण. युरोपातल्या डॉक्टरला आयुष्यभरात दिसणार नाहीत इतके गाल आणि जिभा या एका इमारतीत जमत होत्या.

त्या येत कुठून होत्या? याचं एक उत्तर पुणे जिल्ह्यातच शोधलं गेलं. टाटा इन्स्टिट्यूट ऑफ फंडामेंटल रिसर्चमधल्या दंतसंशोधन विभागाचे डॉ. फली मेहता, प्रकाश गुप्ता आणि त्यांचे सहकारी, डेन्मार्कचे जेन्स पिंडबोर्ग यांच्यासह, जिल्ह्यातल्या खेड्यांत घरोघर फिरले. १९७२ मध्ये त्यांचा अहवाल छापून आला. तपासलेली माणसं होती १,०१,७६१. एवढ्या लोकांनी दारात उभं राहून बॅटरीच्या उजेडात ‘आ’ केला होता. तंबाखू-चुन्याची गोळी गालात धरणारे पुरुष आणि सकाळी मिशरीने दात घासणाऱ्या, मग दिवसातून चार वेळा घासणाऱ्या बायका, यांच्या तोंडातले पांढरे चट्टे त्यांनी मोजले. तंबाखूची गोळी जिथे धरली जाते तिथेच चट्टा उठतो हे घराघरांतून दिसलं. म्हणून आपल्याकडचा कॅन्सर बहुतेक वेळा गालाच्या आतला आणि हिरडीलगतचा असतो. ही बारीक वाटणारी गोष्ट पुढे भाकितांच्या कामात फार आडवी येणार होती.

दरम्यान यंत्र बदललं. जुन्या क्ष-किरणांचा जोर कातडीवरच जास्त पडायचा. कातडी भाजली की डॉक्टरला हात आखडता घ्यावा लागे. १९५१ मध्ये कॅनडात कोबाल्ट-६० चं यंत्र आलं. त्याचे किरण कातडी ओलांडून आत खोलवर जोर धरत. कातडी वाचली, गाठीला जास्त मात्रा देता येऊ लागली, आणि आता हात धरणारी गोष्ट उरली ती आतलं अस्तर. तोंड येणं हा तोपर्यंत बाजूचा त्रास होता. कोबाल्टनंतर तो मुख्य अडसर झाला.

१९७९ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने या त्रासाची मोजपट्टी ठरवली. ती मला फार शहाणपणाची वाटते, कारण ती जखमेइतकीच माणसाच्या ताटाकडेही बघते. पहिली पायरी म्हणजे नुसती आग आणि लाली. दुसरीत जखमा आहेत, पण घट्ट जेवण जातं. तिसरीत फक्त पातळ. चौथीत तोंडाने काहीच नाही. आपल्या भाषेत सांगायचं तर भाकरी कुस्करून जाते तोवर दुसरी, पेजेवर आला की तिसरी, नाकातून नळी घातली की चौथी. यासाठी ना यंत्र लागतं ना तपासणी. सून किंवा बायको रोज स्वयंपाक करताना हीच नोंद मनात ठेवत असते.

१९८० च्या दशकात इंदापूरकरांसाठी भूगोल थोडा बदलला. तोवर मुंबईशिवाय फारसा पर्याय नव्हता. मुंबईला शेक घ्यायचा म्हणजे दीड-दोन महिने धर्मशाळेत, नाहीतर फुटपाथवर. बार्शीला डॉ. भगवान नेने आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अश्विनी सोसायटीच्या छत्राखाली ग्रामीण कॅन्सर रुग्णालय उभं केलं, त्याला नर्गिस दत्त यांचं नाव मिळालं आणि टाटा मेमोरियलचा हात पाठीशी राहिला. इंदापूरहून टेंभुर्णी, कुर्डुवाडी करत बार्शी गाठता येते. १९८७ मध्ये तिथे कॅन्सरची नोंदणी सुरू झाली. बार्शी, परांडा आणि भूम तालुक्यांतली खेडी तिने व्यापली. खेड्यांसाठीची ही देशातली पहिली लोकसंख्याधारित कॅन्सर नोंदणी. खेड्यातली माणसं दवाखान्यात येत नाहीत म्हणून कार्यकर्ते गावोगाव जाऊन चौकशी करत, लोकांना लक्षणं सांगत आणि रुग्णाला दवाखान्यापर्यंत आणत.

त्याच सुमारास एक वाईट बातमी पश्चिमेकडून आली. १९८८ मध्ये विदर्स, टेलर आणि माचेयेव्स्की यांनी डोके-मानेच्या कॅन्सरच्या जुन्या नोंदी एकत्र करून दाखवलं की शेक सुरू झाल्यावर साधारण चार आठवड्यांनी उरलेल्या कॅन्सरपेशी जास्त वेगाने वाढू लागतात. म्हणजे मधे खंड पडला तर गाठ ती उसंत वापरते. खाडा झालेल्या दर दिवसामागे गाठ आटोक्यात येण्याची शक्यता साधारण एक टक्का, कधी त्याहूनही जास्त, घटते असा हिशेब पुढे रूढ झाला. आता दोन गोष्टी शेजारी ठेवा. तोंड जास्त वाईट होत जातं ते तिसऱ्या आठवड्यापासून. खंड सर्वांत महाग पडतो तोही चौथ्या आठवड्यापासून. माणूस नेमका तेव्हाच घरी पळतो. ‘जरा तोंड बरं झालं की येतो’ असं म्हणून इंदापूरला गेलेला माणूस आठ दिवसांनी परत येतो, तोवर वजन उतरलेलं असतं, चेहऱ्यावर घट्ट बसणारा जाळीचा साचा ढिला झालेला असतो आणि नेम पुन्हा धरावा लागतो. दवाखान्याच्या वहीत याची नोंद ‘रुग्ण आला नाही’ अशी होते. खरं कारण जखम असते, पण ते त्या रकान्यात बसत नाही.

भाकिताची गरज इथे रोजच्या व्यवहाराची झाली. कुणाला जास्त त्रास होणार हे आधी कळलं, तर त्याची नळी वेळेवर घालता येईल, त्याला दवाखान्याजवळ ठेवता येईल, त्याचा खंड टळेल.

रोग मात्र वाढत होता. उसाच्या पैशाबरोबर, १९८० आणि ९० च्या दशकांत, भवानीनगरपासून भिगवणपर्यंत टपऱ्यांवर गुटख्याच्या पुड्यांच्या माळा लोंबू लागल्या. विशी-पंचविशीतल्या पोरांची तोंडं उघडेनाशी झाली, दोन बोटंही आत जात नाहीत अशी. राज्याने २००२ मध्ये गुटख्यावर बंदी घातली, ती २००४ मध्ये सर्वोच्च न्यायालयात टिकली नाही, मग २०१२ मध्ये अन्नसुरक्षा कायद्याचा आधार घेऊन पुन्हा घातली. २०१६-१७ च्या राष्ट्रीय पाहणीत महाराष्ट्रातल्या प्रौढांपैकी २४.४ टक्के लोक धूरविरहित तंबाखू वापरणारे निघाले. बंदीनंतरची ही स्थिती.

बारामतीला या रोगाचा एक चेहरा सगळ्या राज्याने पाहिला. २००४ च्या निवडणुकीच्या धामधुमीत शरद पवारांना तोंडाचा कॅन्सर असल्याचं निदान झालं. सुपारी-तंबाखूच्या जुन्या सवयीची किंमत मोजली हे त्यांनी स्वतः अनेक व्यासपीठांवर सांगितलं आहे. शस्त्रक्रियेनंतर ३६ वेळा रेडिएशन घ्यावं लागलं, सकाळी कृषिमंत्रालयाचं काम आणि दुपारी उपचार असा दिवस असायचा, वेदना असह्य असायच्या, हेही त्यांनीच सांगितलेलं. त्याच तालुक्यातल्या शेतमजुराच्या तोंडालाही तीच आग होते. फरक असतो तो दुपारनंतर पडून राहायला जवळ घर असण्याचा.

मग २००० सालानंतर त्रास आणखी वाढला, तोही उपचार सुधारल्यामुळे. शेकांबरोबर सिस्प्लॅटिनसारखं औषध दिलं तर जास्त लोक जगतात हे मोठ्या अभ्यासांतून सिद्ध झालं आणि ती पद्धत सर्वत्र आली. पण औषध गाठीबरोबर अस्तरालाही कमकुवत करतं. आठवड्याला थोडं औषध द्यावं की तीन आठवड्यांनी एकदम, हा वाद टाटा मेमोरियलने ३०० रुग्णांवर तपासला. २०१८ मध्ये आलेल्या निष्कर्षात तीन आठवड्यांच्या मोठ्या डोसने दोन वर्षांनंतर रोग जास्त जणांत आटोक्यात राहिला, ७३.१ टक्के विरुद्ध ५८.५. त्रासही जास्त झाला.

एकीकडे दुखणं वाढलं तसं दुसरीकडे ते समजूही लागलं. बॉस्टनचे डॉ. स्टीफन सोनिस यांनी दाखवलं की हे नुसतं भाजणं नाही. पहिल्या शेकाबरोबरच पेशींमध्ये धोक्याचे संदेश सुटतात, ते एकमेकांना वाढवत जातात, मग जखम, मग त्यावर जंतू, मग भरून येणं. २००४ मध्ये त्यांनी या पाच टप्प्यांची पूर्ण मांडणी केली. आता ‘कुणाला किती’ या प्रश्नाला नवा रस्ता मिळाला. प्रत्येकाचे संदेश वेगळे असतील, प्रत्येकाची दुरुस्ती वेगळी असेल, तर ते रक्तात किंवा जनुकांत वाचता येईल का?

खूप लोक या रस्त्याने गेले. काही दुर्मीळ जन्मजात आजारांत किरण अजिबात सोसत नाहीत हे आधीपासून माहीत होतं, त्यातल्या एकाचं जनुक १९९५ मध्ये सापडलं. मणिपालच्या संशोधकांनी डीएनए-दुरुस्तीच्या जनुकांतले बारीक फरक आणि तोंड येण्याची तीव्रता यांची सांगड घालून पाहिली. तसे अभ्यास चीनमध्ये झाले, युरोपात झाले. एका गटात ठळक दिसणारं जनुक दुसऱ्या गटात पुसट होतं. आजही दवाखान्यात रक्त काढून ‘तुम्हाला जास्त त्रास होणार’ असं सांगणारी खात्रीची तपासणी नाही.

दुसरा रस्ता मात्रेच्या नकाशाचा. सीटी स्कॅनवर गाल, जीभ, टाळू रेखायचे, संगणकाने प्रत्येक भागाला किती किरण मिळणार ते काढायचं आणि त्यावरून अंदाज बांधायचा. साधारण ३० ग्रे (ग्रे म्हणजे किरणांच्या मात्रेचं एकक) यापुढे अस्तर सोलवटू लागतं, किती भागाला किती मिळालं याला महत्त्व आहे, आठवड्याची मात्रा वाढली की त्रास वाढतो, हे यातून पक्कं झालं. लंडनच्या रॉयल मार्सडेनच्या चमूने २०१६ मध्ये मशीन लर्निंग वापरून तीव्र तोंड येण्याचा अंदाज बांधला. तो नुसत्या नाणेफेकीपेक्षा बरा निघाला, पण एका रुग्णाच्या बाबतीत पैजेवर सांगावं इतका नाही.

आणि लंडनचं गणित जसंच्या तसं इंदापूरच्या तोंडाला बसेल कसं? तिथले बरेच रुग्ण टॉन्सिल आणि जिभेच्या मुळाच्या कॅन्सरचे, त्यातला मोठा वाटा विषाणूमुळे होणारा, दात जागेवर, तोंड पूर्ण उघडणारं. आपल्याकडचा रुग्ण गालाच्या कॅन्सरचा. आधी शस्त्रक्रिया, अर्धा जबडा काढलेला, गालाच्या जागी छातीवरची कातडी लावलेली. त्या कातडीला अस्तरासारखं तोंड येतच नाही, उरलेल्या बाजूला येतं. गुटख्याने तोंड आधीच आखडलेलं, त्यामुळे ब्रश आत जात नाही आणि डॉक्टरलाही नीट दिसत नाही. मिशरी बंद केलेली नसते, आजी शेक घेऊन आल्यावर पदराखालून डबी काढतात. असल्या गोष्टी कुठल्या नकाशात भरायच्या? इथल्या रुग्णांवर, इथल्या शस्त्रक्रियेनंतरच्या तोंडांवर बेतलेलं गणित हवं. ते होईपर्यंत अनुभवी डॉक्टरचा अंदाज या यंत्रांच्या फार मागे नाही असं माझं मत आहे. औषध सोबत आहे का, शेकाच्या वाटेत जीभ किती येते, वजन आधीच उतरलंय का, दात किडलेत का, तंबाखू सुटलीय का, एवढं विचारून अंदाजाचं अर्धं काम होतं.

टाळण्याच्या बाबतीत मात्र इतिहास बराच पुढे आला आहे. शेकाआधी किडके दात काढणं आणि मीठ-सोड्याच्या गुळण्या ही जुनी शिस्त. मणिपालमध्येच झालेल्या एका काटेकोर चाचणीत मंद लेझरने तीव्र जखमा कमी झाल्या. २०२० च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांत लेझरला, बेंझिडामिनच्या गुळण्यांना आणि मधालाही जागा मिळाली. आपल्या म्हाताऱ्या मध लावायला सांगतात, त्याला हा उशिरा मिळालेला शिक्का.

पैशाचा अडसर सरकारी योजनेने काही अंशी हलला, पण तोही नदीच्या अलीकडे-पलीकडे सारखा नव्हता. राजीव गांधी जीवनदायी योजना २ जुलै २०१२ रोजी आठ जिल्ह्यांत सुरू झाली, त्यात सोलापूर होतं. भीमेपलीकडच्या माढ्यातल्या माणसाला शेक मोफत, अलीकडच्या इंदापूरकराला नाही, कारण त्याचं रेशनकार्ड पुणे जिल्ह्याचं. उरलेल्या राज्याला नोव्हेंबर २०१३ पर्यंत थांबावं लागलं. पुढे ती महात्मा फुले जन आरोग्य योजना झाली. शेकाचा खर्च योजना भरते. सात आठवडे नातेवाइकाची बुडालेली हजेरी कुणी भरत नाही. दूध-डेअरीचा हिशेब, उसाचं पाणी सोडण्याची पाळी यांपुढे तोंडातल्या जखमेचं भाकीत हरतं.

आता उपचाराचं वेळापत्रकच बदलू लागलं आहे. आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेने अनेक देशांत घेतलेल्या चाचणीचे निकाल २०२३ मध्ये मांडले गेले. ३३ ऐवजी २० मोठे शेक, साधारण चार आठवड्यांत, आणि रोग आटोक्यात ठेवण्यात ही पद्धत कमी पडली नाही. बारामती-इंदापूरच्या माणसाला याचा अर्थ लगेच कळतो. मुक्काम कमी, हजेरी कमी बुडणार. पण शेक लवकर संपले तरी अस्तराचं घड्याळ कुटारच्या काळातलंच आहे. जखमा शिगेला पोचतात तेव्हा शेवटचा शेक होऊन गेलेला असतो आणि माणूस घरी, बार्शी-पुण्याच्या डॉक्टरांपासून लांब असतो. म्हणजे पुढचे पंधरा दिवस तोंड कसं राहील, कधी नळी लागेल, वजन किती उतरलं की धावत यायचं, हे आता इंदापूरच्या उपजिल्हा रुग्णालयातल्या किंवा २०१९ पासून बारामतीत असलेल्या वैद्यकीय महाविद्यालयातल्या डॉक्टरला माहीत हवं. नाकातून नळी घालायला शेकाचं यंत्र लागत नाही. डिस्चार्ज कार्डावर मात्र अजून बहुतेक ठिकाणी एवढंच लिहिलेलं असतं, की एक महिन्याने दाखवायला या.